बातम्यांचा सर्व्हर : आधी कोणत्या फाइली लिहायच्या आणि रोज रात्री काय करायचं

बोईसर (ता. पालघर) : डहाणूकडचे एक बागायतदार काका मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा त्यांच्या वाडीतली चिकूची झाडं आडवी झाली होती. दुसऱ्या दिवशी मीच मोटारसायकलवर जाऊन फोटो काढले होते आणि संध्याकाळी बातमी लावली होती. काकांचा तेव्हाचा मोबाइल नंतर पाण्यात पडला. पंचनाम्यात झाडं कमी धरली गेली असं त्यांचं म्हणणं, आणि अर्जाला जोडायला त्यांना फोटो पाहिजे होता. "भाऊ, तुमच्या साइटवरचा तेवढा काढून द्या."

बातमी सापडली. मजकूर जसाच्या तसा होता, पण फोटोच्या जागी नुसता राखाडी चौकोन.

शोध घेतला तेव्हा कळलं. काही महिन्यांपूर्वी सर्व्हरची डिस्क भरली होती. आमच्यातल्याच एकाने जागा करायला जुन्या फोटोंची फोल्डरं उडवली. बॅकअप आहे असं त्याला वाटलं, मलाही तसंच वाटत होतं. बॅकअप होता, पण फक्त मजकुराचा, आणि तोही त्याच डिस्कवर. काकांना चहा पाजून रिकाम्या हाताने पाठवलं. कोणाला बोलणार? काय किती दिवस ठेवायचं हे आम्ही कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं.

आपल्या भागात आता गावागावांतून बातम्यांची पोर्टलं निघाली आहेत. पोरं हुशार आहेत, एका दिवसात साइट उभी करतात. पण सर्व्हरला लागणाऱ्या आधाराच्या फाइली आणि ठरलेल्या वेळेची देखभाल यावर मराठीत सापडायला फार काही नाही. म्हणून जे शिकलो ते इथे मांडतो. मी बारावी झालेला शेतकरी माणूस आहे, इंजिनीअर नाही, त्यामुळे भाषा आपलीच राहील.

जुन्या सर्व्हरकडून शिकण्यासारखं

‘न्यूज सर्व्हर’ हा शब्द पोर्टलांच्या बराच आधीचा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोघा विद्यार्थ्यांच्या डोक्यातून युजनेट निघालं. एका संगणकावरचे लेख फोनच्या तारेवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असं जायचं. तिथे ‘न्यूज’ म्हणजे पेपरातली बातमी नव्हे. विषयवार गट असायचे, आणि गटात कोणी टाकलेला मजकूर म्हणजे न्यूज. आजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा आजोबा म्हणा, फक्त मालक कोणी एक कंपनी नव्हती. ज्याचा सर्व्हर त्याची जबाबदारी.

हे लोण मुंबईतही आलं होतं. १९८६ च्या सुमारास अर्नेट नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. त्यात जुहूची एनसीएसटी ही संस्था होती, पवईची आयआयटी होती. पुढे एनसीएसटीतून अमेरिकेशी जोडणी झाली. त्या काळच्या लाइनचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आज आपण तीन एमबीचा फोटो सहज पाठवतो, त्या लाइनवर त्याला चाळीस मिनिटं लागली असती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. मी तेव्हा शाळेत होतो, बोईसरला संगणक पाहायलाही मिळत नव्हता. पण परदेशात गेलेली मराठी माणसं युजनेटवरच्या मराठी गटात रोमन अक्षरांत मराठी लिहून भांडत होती, पाककृती विचारत होती.

अशा गटांचा सर्व्हर चालवण्यासाठी रिच साल्झ याने ‘आयएनएन’ नावाचा प्रोग्राम लिहिला, तो १९९२ मध्ये बाहेर आला. आजही तो मिळतो, २.७ ही मालिका २०२२ ची आहे. आपल्याला तो बसवायचा नाही. पण त्याच्या आधाराच्या फाइली पाहिल्या तर बातम्या साठवणाऱ्या कोणत्याही सर्व्हरला कोणत्या प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवावी लागतात, ते स्वच्छ दिसतं. आमच्या पोर्टलला जी अडचण आली, तिचं उत्तर तिथे तीस वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं.

पहिली फाइल : गटांची यादी

आयएनएनमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाची फाइल असते. एका ओळीत एक गट. ओळीत चारच गोष्टी : गटाचं नाव, शेवटच्या लेखाचा क्रमांक, शिल्लक असलेल्या पहिल्या लेखाचा क्रमांक, आणि एक अक्षर. ‘वाय’ असेल तर कोणीही लिहावं, ‘एन’ असेल तर इथून लिहिता येणार नाही, ‘एम’ असेल तर लेख आधी संपादकाकडे जाणार. ही फाइल बिघडली की सर्व्हरला आपल्याकडे काय आहे तेच कळत नाही. म्हणून सर्व्हर चालू असताना ती हाताने उघडून बदलू नये, आधी त्याला थांबवावं किंवा त्याच्याच आज्ञेतून बदल करावा, असा नियम. सोबतीला ‘न्यूजग्रुप्स’ ही फाइल, त्यात प्रत्येक गटाचं एका ओळीतलं वर्णन.

आपल्या पोर्टलमध्ये ही यादी म्हणजे कॅटेगरी. इथे आपण सगळे चुकतो.

आमचंच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीचं सगळं ‘ठाणे ग्रामीण’खाली होतं. जिल्हा झाल्याच्या आनंदात कॅटेगरीचं नाव आणि तिचा पत्ता दोन्ही बदलले. झालं, लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जुन्या सगळ्या लिंक मेल्या. नाव बदलावं, पण पत्ता बदलायचा तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारी ओळ सर्व्हरच्या फाइलीत टाकावी. तिला ‘३०१’ म्हणतात, कायमचा मुक्काम बदलला असा अर्थ.

दुसरी गंमत इंग्रजी स्पेलिंगची. तालुके आठच : पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. पण ‘वाडा’ला कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. वाणगावचंही तेच. आमच्याकडे वाड्याच्या दोन कॅटेगऱ्या झाल्या होत्या, अर्ध्या बातम्या एकीत, अर्ध्या दुसरीत. वाचक म्हणायचे, वाड्याचं काही येतच नाही. बोईसर तालुका नाही, पालघर तालुक्यातच येतं. तरी बोईसर-तारापूरला वेगळी कॅटेगरी ठेवा, कारण एमआयडीसीत काही झालं की लोक बोईसर म्हणूनच शोधतात. हे सगळं साध्या वहीत लिहून घ्या : नाव, पत्त्यातलं स्पेलिंग, एका ओळीत काय येणार, कोण लिहिणार. नवीन वार्ताहर आला की आधी हे पान दाखवा.

पत्त्यावरून आणखी एक. देवनागरीतला मथळा तसाच पत्त्यात जाऊ देऊ नका. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या तुकड्याला २०० चिन्हांची जागा असते. देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा पत्त्यात नऊ चिन्हं खाते, टक्क्याची खूण असलेली. म्हणजे बाविसाव्या अक्षराला जागा संपली आणि पुढचा मथळा कापला गेला. पत्ता रोमनमध्ये, छोटा, तारखेसह द्या.

दुसरी : काय आलं त्याची नोंदवही

‘हिस्टरी’ फाइलीत आलेल्या प्रत्येक लेखाच्या ओळख क्रमांकाची नोंद असते. तोच लेख दुसऱ्या शेजाऱ्याकडून आला तर सर्व्हर म्हणतो, आहे माझ्याकडे, नको. यातली खुबी अशी की लेख पुसून टाकला तरी त्याची नोंद काही दिवस राहते. आयएनएनमध्ये दहा दिवसांपेक्षा जुना लेख घेत नाहीत आणि नोंद अकरा दिवस ठेवतात. एक दिवस जास्त, म्हणजे पुसलेला लेख मागच्या दाराने पुन्हा आत यायला नको.

आपल्याला हे किती लागतं ते जुलैत कळतं. पाऊस जोरात लागला की कुठल्यातरी जुन्या पुराचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरायला लागतो, आणि आपलाच एखादा वार्ताहर तो पाठवतो. आम्ही आता लावलेल्या प्रत्येक फोटो-व्हिडिओची तारीख, गाव आणि कोणी काढला याची एक साधी यादी ठेवतो. आलेला व्हिडिओ आधी त्या यादीशी ताडून पाहतो. वेळ जातो, पण दोनदा वाचलो आहोत.

तिसरी : काय किती दिवस ठेवायचं

ही सगळ्यात महत्त्वाची, आणि काकांचा फोटो गेला तो ही नव्हती म्हणून.

आयएनएनमध्ये हिचं नाव ‘एक्सपायर कंट्रोल’. ओळीत पाच गोष्टी : कोणता गट, कोणत्या प्रकारचा गट, कमीत कमी किती दिवस, नेहमीचे किती दिवस, जास्तीत जास्त किती दिवस. शेवटच्या ठिकाणी ‘नेव्हर’ही लिहिता येतं, म्हणजे कमाल मर्यादा नाही. एक मेख आहे. एखाद्या गटाला दोन ओळी लागू पडत असतील तर खालची ओळ चालते. म्हणून सगळ्यांना लागू असलेला नियम वर लिहायचा आणि खास गटांचे नियम खाली. उलटं लिहिलं की खास नियम मेला, आणि महिन्याने जे ठेवायचं होतं ते गेलेलं असतं.

आमच्याकडे आता ही फाइल अशी आहे, साध्या मराठीत. लावलेली बातमी कधीच पुसायची नाही. चुकीची ठरली तर दुरुस्ती वर लिहायची, बातमी तिथेच. मूळ फोटो सर्व्हरवरून काढता येतील, पण दुसऱ्या दोन ठिकाणी प्रत आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावरच. न लावलेले कच्चे मजकूर ३० दिवस. हवामानाचा इशारा, वीज बंदची सूचना, बाजारभाव यांना मुदत संपली की पहिल्या पानावरून काढायचं, पण आत ठेवायचं. जाहिरातीचे फलक करार संपल्यावर सात दिवस.

काही गोष्टींत आपली मर्जी चालत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे डिजिटल बातम्या देणाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या मजकुराची नोंद कमीत कमी ६० दिवस जपायची असते. आणि सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायच्या असतात. बरीच होस्टिंग पॅकेजं लॉग आठवड्या-दोन आठवड्यांत पुसतात. आपल्या पॅकेजमध्ये काय आहे ते विचारून घ्या.

‘जुनी बातमी कोण वाचतं?’ असं मला एकाने विचारलं होतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलायला लागली, महिनोन् महिने लोक घराबाहेर झोपले. कोणत्या रात्री कोणत्या पाड्यात भिंतीला तडे गेले, हे मोठ्या पेपरात दोन ओळींत येतं. पाड्याचं नाव आणि तारीख असते ती आपल्याकडे. भूसंपादनाच्या सूचना, ग्रामसभेचे ठराव, कारखान्यातले अपघात, सगळ्याचं तसंच. माणूस पाच वर्षांनी शोधत येतो.

बाकीच्या फाइली

यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ‘आयएनएन कॉन्फ’ म्हणजे सर्व्हरची मूळ ओळख, आपल्याकडे वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल. यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, म्हणून ती दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही अशी परवानगी लावा. ‘रीडर्स कॉन्फ’मध्ये कोण वाचू आणि लिहू शकतो ते. आपल्याकडे ती वापरकर्त्यांची यादी. काम सोडून गेलेल्या वार्ताहराचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. राग म्हणून नाही, त्याचा मोबाइल उद्या कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. ‘मॉडरेटर्स’ म्हणजे तपासणाऱ्यांची यादी. ‘इनकमिंग’ आणि ‘न्यूजफीड्स’ म्हणजे कोणाकडून घ्यायचं आणि कोणाला द्यायचं.

पोर्टलच्या दोन खास फाइली : ‘रोबोट्स’, जी शोधयंत्रांना कुठे यायचं आणि कुठे नाही ते सांगते, आणि ‘साइटमॅप’. बातम्यांच्या साइटमॅपमध्ये गूगल फक्त गेल्या दोन दिवसांतल्या बातम्या मागतं, जास्तीत जास्त हजार. काही जण त्यात पाच वर्षांच्या बातम्या कोंबतात आणि मग आपलं काही दिसत नाही म्हणून रडतात. जुन्यांसाठी वेगळा साधा साइटमॅप असतो.

फाइल बदलली की तपासायची सवय लावा. आयएनएनमध्ये ‘इनचेक’ नावाचं हत्यारच आहे, ते सगळ्या फाइलींची मांडणी आणि परवानग्या पाहून चुका सांगतं. आणि बदलल्यावर सर्व्हरला ‘पुन्हा वाच’ असं सांगावं लागतं, नाहीतर तो जुनंच धरून बसतो. आपल्या वेब सर्व्हरचंही तसंच, आधी तपास आणि मग रीलोड.

क्रॉन : सर्व्हरचा गडी

ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा प्रोग्राम म्हणजे क्रॉन. त्याच्या वहीला क्रॉनटॅब म्हणतात. प्रत्येक ओळीत आधी पाच खाने : मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना, वार. मग काम. खान्यात चांदणी म्हणजे ‘कोणताही’. आयएनएनच्या माहितीपत्रकातली ओळ ‘० ३ * * *’ अशी सुरू होते, म्हणजे रोज पहाटे तीनला.

आता पहिली ठेच. कोणाच्या तीनला? बहुतेक भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आम्ही ‘तीन’ लिहिलं आणि बॅकअप रोज सकाळी साडेआठला सुरू व्हायचा. नेमके त्याच वेळी लोक चहा घेत नाहीतर लोकलमध्ये बसून बातम्या उघडतात. साइट रोज सकाळी अडखळायची आणि आम्ही मोबाइल नेटवर्कला शिव्या द्यायचो. आपल्या पहाटे तीनला काम हवं असेल तर सर्व्हरच्या घड्याळाने आदल्या रात्रीचे साडेनऊ लिहा : ‘३० २१ * * *’. नाहीतर सर्व्हरचं घड्याळच भारतीय वेळेवर लावा, पण मग क्रॉनही पुन्हा सुरू करा.

दुसरी ठेच. तारीख आणि वार दोन्ही खाने भरले तर दोन्ही जुळले पाहिजेत असं आपल्याला वाटतं. क्रॉन दोन्हीतलं एक जुळलं तरी काम करतो. तिसरी. बॅकअपच्या नावात तारीख घालायला टक्क्याची खूण लागते, पण क्रॉनटॅबमध्ये त्या खुणेचा अर्थ ‘ओळ संपली’ असा होतो. तिच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही तर बॅकअप होतच नाही. यापेक्षा काम वेगळ्या छोट्या फाइलीत लिहावं आणि क्रॉनमध्ये फक्त त्या फाइलीचं नाव द्यावं.

चौथी माझी स्वतःची. क्रॉनटॅब ‘ई’ने उघडतं आणि ‘आर’ने सगळंच्या सगळं पुसलं जातं, न विचारता. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी आहेत. मी हे मोबाइलवरून, एसटीत बसून करत होतो. म्हणून क्रॉनटॅबची एक प्रत साध्या फाइलीत ठेवा.

वर्डप्रेसवाल्यांनी एक लक्षात घ्या. त्याचा स्वतःचा क्रॉन खरा क्रॉन नव्हे. कोणी वाचक आला तरच तो जागा होतो. रात्री साइटवर कोणी नसेल तर पहाटे पाचला लावलेली बातमी पाचला लागतच नाही, पहिला वाचक येईपर्यंत पडून राहते. तो बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनने त्याला दर पाच-दहा मिनिटांनी उठवा.

रोज रात्रीचं काम

आयएनएनमध्ये ‘न्यूज डेली’ नावाचं एकच काम रोज चालतं. मुदत संपलेले लेख काढणं, नोंदवही आवरणं, लॉग गुंडाळून जुने बाजूला ठेवणं, चुका शोधणं, आणि शेवटी सगळ्याचा अहवाल व्यवस्थापकाला मेल करणं. शिवाय ‘इनवॉच’ नावाचा राखणदार ठरावीक मिनिटांनी डिस्कची जागा पाहतो. जागा कमी पडायला लागली की नवीन लेख घेणं थांबवतो, म्हणजे असलेलं तरी खराब होत नाही.

आमच्याकडे राखणदार नव्हता. एका रात्री एमआयडीसीच्या बाजूने मोठा आवाज झाला, खिडक्या हादरल्या. पाच मिनिटांत लोक आमच्या साइटवर. माझ्याकडे जागेवरचा फोटो होता, कोणता रस्ता बंद आहे ते माहीत होतं, आणि बातमी चढेना. लॉगची एकच फाइल महिनोन् महिने फुगून डिस्क शंभर टक्के भरली होती. शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तोवर ‘वायू पसरलाय, पळा’ असले मेसेज खैरापाड्यापर्यंत पोहोचले होते.

तेव्हापासून क्रम असा. पहाटे तीनला डेटाबेसचा बॅकअप. सव्वातीनला त्या दिवसाचे फोटो दुसऱ्या ठिकाणी. साडेतीनला लॉग गुंडाळणं, ‘लॉगरोटेट’ हे काम करतो, तो बहुतेक लिनक्सवर आधीच असतो, फक्त १८० दिवसांचा हिशोब त्याच्या फाइलीत लिहावा लागतो. चारला कच्च्या मजकुराची झाडलोट. दर दहा मिनिटांनी डिस्क पाहणं, ८० टक्क्यांवर गेली की दोघांना मेसेज. आणि सहाला अहवाल. तो मी वाडीत पाणी सोडायला जातो तेव्हा मोबाइलवर वाचतो. अहवाल आला नाही, तर ती सगळ्यात वाईट बातमी समजायची, कारण मग क्रॉनच झोपला आहे.

आठवड्यातून एकदा अपडेट. शुक्रवारी संध्याकाळी किंवा निवडणुकीच्या आदल्या रात्री अपडेट करू नये, बिघडलं तर सांगायला कोणी सापडत नाही. मंगळवारी दुपारी करा. महिन्यातून एकदा प्रमाणपत्र पाहा. पत्त्यापुढे कुलूप दिसतं ते प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, पण साधारण ९० दिवसांचं असतं. आपोआप नवं होतं, आणि आपोआप होणारी गोष्ट कधी बंद पडली ते कोणाच्या लक्षात येत नाही. डोमेनचे पैसे कोणाच्या कार्डवरून जातात आणि ते कार्ड कधी संपतं, हेही त्याच पानावर लिहा.

प्रत घरच्या संगणकावर घेत असाल तर आपल्याकडची वीज लक्षात ठेवा. पावसाळ्यात पहाटे तीनला लाइट असेलच असं नाही. क्रॉन चुकलेलं काम पुन्हा करत नाही. ‘अ‍ॅनाक्रॉन’ करतो, संगणक चालू झाला की राहिलेलं उरकतो. घरच्या संगणकाला तोच लावा.

बॅकअप उघडून पाहिला का?

फोटो गेल्यावर आम्ही बॅकअप नीट घ्यायला लागलो. तीन महिन्यांनी सहज म्हणून एक उघडला, दुसऱ्या रिकाम्या जागेवर. सगळ्या बातम्या आल्या, पण प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. इंग्रजी साइटवाल्याला हे कधी दिसणारच नाही. देवनागरीच्या एका अक्षराला साठवणीत तीन बाइट लागतात, हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राला चार. डेटाबेस, बॅकअप घेणारी आज्ञा आणि परत भरणारी आज्ञा, तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ-८ एमबी-४’ लिहिलेलं पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये नुसतं ‘यूटीएफ-८’ म्हटलं तर ते तीन बाइटांपर्यंतच पुरतं. आणि आणखी जुनं काही असेल तर मराठीची माती.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक बॅकअप वेगळ्या जागी उघडायचा. तीन बातम्या आणि तीन फोटो पाहायचे : एक कालची, एक मागच्या वर्षीची, एक सगळ्यात जुनी. सात रोजचे, चार आठवड्याचे, बारा महिन्यांचे बॅकअप ठेवतो. एक प्रत सर्व्हरबाहेर दुसऱ्या कंपनीकडे, एक हार्ड डिस्कवर, घरात, धान्याच्या कोठीवर प्लास्टिकच्या डब्यात. दमटपणामुळे डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकल्या आहेत.

हे फाजील वाटत असेल तर युजनेटचं पुढे काय झालं ते ऐका. सुरुवातीला तिथे कोणी जुनं जपत नव्हतं, डिस्क महाग होत्या, मुदत संपली की लेख गेला. कॅनडात टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचा माणूस सर्व्हर सांभाळायचा. तो १९८१ पासून आलेलं सगळं चुंबकीय टेपवर उतरवून ठेवत गेला. दहा वर्षांत १४१ टेप झाल्या. २००१ मध्ये गूगलने जुन्या युजनेटचा साठा लोकांसमोर आणला, त्यात पहिल्या दहा वर्षांचे वीस लाखांवर लेख आले ते मुख्यतः या टेपांमधून. जिथे हे सगळं जन्मलं त्या ड्यूक विद्यापीठाने आपला सर्व्हर मे २०१० मध्ये बंद केला. गूगलनेही २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटचं नवीन काही घेणं थांबवलं.

आमच्या फोटोंपैकी काही परत मिळाले. वार्ताहरांच्या जुन्या मेमरी कार्डांतून, लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेल्यांतून. काकांच्या वाडीचा एक सापडला, पण त्यात दोनच झाडं दिसतात, मागे कुंपण. तो त्यांना दिला आहे. २०२१ च्या मे महिन्यात डहाणू, वाणगाव, चिंचणी भागातल्या वाड्यांचे आमच्या साइटवरचे फोटो कोणी त्या वेळी मोबाइलमध्ये उतरवून ठेवले असतील, तर पोर्टलच्या नंबरवर पाठवा. तारीख आणि वाडी कुठली ते सोबत लिहा.